पोस्टक्रॉसिंग: अनोळखी दारापर्यंत जाणारे कार्ड

पोर्तुगालमध्ये २००५ साली सुरू झालेल्या पोस्टक्रॉसिंग या विनामूल्य सेवेत आपण परदेशातील अनोळखी सदस्याला पोस्टकार्ड पाठवतो आणि ते मिळाल्याची नोंद त्याने केली, की आपला पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी मिळतो. कार्ड व तिकिटांचा खर्च मात्र आपलाच असतो. रातांब्याच्या साली रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवल्या, की आमसुले कशी काळपट होत जातात, हे मी फिनलंडच्या एका आजींना लिहिले. सेवेत थेट उत्तराची अट नाही, तरीही त्यांनी आवर्जून लिहिले; त्या कार्डाच्या कोपऱ्यावर रानात वेचलेल्या ब्लूबेरीचा जांभळा डाग होता. माझी दोन कार्डे वाटेतच हरवली, याचे वाईट वाटते. तरीही धीर धरू शकणाऱ्यांनी नाव अवश्य नोंदवावे; आजींना पुढचे पत्र सोलकढीविषयी जाईल.