तारकर्ली की पाळोळे? आठ मित्र, तीन रात्री

मालवणजवळचं तारकर्ली आणि दक्षिण गोव्यातलं पाळोळे, ग्रुपवर ही दोनच नावं उरली असतील तर बजेटचा वाद काढण्याआधी एक विचारा: आठांपैकी किती जणांना पोहता येतं?

पाळोळेचा किनारा चंद्रकोरीसारखा आत वळलेला आहे. दोन्ही टोकांना खडक असल्यामुळे बाहेरच्या लाटा आत येईपर्यंत मवाळ होतात आणि तळही हळूहळू उतरतो. जीवरक्षक असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहायचं, नुसता लाल झेंडा दिसला तर पाण्यात उतरायचं नाही. तारकर्लीचा किनारा सरळ, उघडा. पाणी नितळ असल्यामुळे खोलीचा अंदाज चुकतो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीला पाण्याची ओढ जबरदस्त असते. एप्रिल 2017 मध्ये शेजारच्याच वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. स्थानिक माणूस 'इथे नको' म्हणाला की तिथे नकोच. निम्म्याहून जास्त जण न पोहणारे आणि तरीही दिवसभर पाण्यात डुंबायचं असेल, तर पाळोळे.

स्कुबाचं मात्र उलट आहे. त्यासाठी मालवणच. गोव्यात पॅकेज घेतलं तरी पुष्कळदा पहाटे गाडीत बसवून मालवणलाच आणतात. इथे पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षक धरून खाली नेतो. अडचण येते ती कानाची. दुखायला लागेपर्यंत थांबू नका. खाली जाताना दर थोड्या अंतरावर नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकला. सर्दी झालेल्याचे कान मोकळे होत नाहीत, त्याने बोटीवरच थांबावं. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मिशी दाट असेल तर मास्कची रबरी कड नाकाखाली नीट चिकटत नाही आणि पाणी आत झिरपतं. तिथे थोडं व्हॅसलीन लावतात. वारा दुपारी वाढतो, म्हणून सकाळची पहिली फेरी घ्या, दोन तास आधी हलकं खाऊन. परत विमानाने जाणार असाल तर शेवटच्या दिवशी स्कुबा नको, मधे किमान 18 तास ठेवा.

जेवणात आमचं मत सरळ मालवणकडे झुकतं. घरगुती निवासात दुपारच्या थाळ्यांचा आकडा सकाळीच सांगावा लागतो, कारण मासे त्यानुसार आणले जातात. आयत्या वेळी आठ सुरमई थाळ्या मागितल्या तर बांगड्यावर भागवावं लागेल. शाकाहारी किती तेही तेव्हाच सांगा. पाळोळेला पदार्थांचे प्रकार जास्त, पण शॅकमध्ये आठ वेगवेगळ्या ऑर्डर दिल्या तर पहिल्याचं जेवण संपतं तेव्हा शेवटच्याचं ताट येतं.

रात्री जागायचं असेल तर तारकर्लीत मन रमणार नाही. दहानंतर गाव झोपतं, रिक्षाही सहज मिळत नाही. पाळोळेला किनाऱ्यावरच वर्दळ असते. मुक्काम बहुधा प्लायवूडच्या झोपड्यांत. पावसाळ्याआधी त्या उतरवतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा उभारतात. शेजारच्या झोपडीतलं घोरणंही ऐकू येतं, तेव्हा झोप सावध असणाऱ्यांना मागच्या रांगेत ठेवा. स्कूटर घ्याल ती काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच. खाजगी पाटीची भाड्याने घेतली तर पोलीस अडवतात. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं गोव्यातही दंडनीय आहे. परवान्याशिवाय गोव्याची बाटली महाराष्ट्रात आणू नका, सीमेजवळच्या इन्सुली नाक्यावर गाड्या तपासतात.

तारकर्लीसाठी कुडाळला उतरायचं, पुढे मालवणपर्यंत साधारण 30 किलोमीटर. रिक्षात तिघेच बसतात, म्हणून आठ जणांनी मोठी गाडी आधीच सांगून ठेवावी. काणकोण स्टेशन पाळोळेपासून दोन-तीन किलोमीटरवर आहे, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. मडगावला उतरून सुमारे 40 किलोमीटर रस्त्याने जाणं जास्त खात्रीचं. कोकणकन्या दोन्हींकडे चालते, तुतारी सावंतवाडीपर्यंतच जाते, म्हणजे ती फक्त तारकर्लीवाल्यांच्या कामाची. आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं. त्या सकाळी आठही जणांची नावं, वयं आणि पैसे एकाच्या हाती तयार हवेत. 'मी कन्फर्म नंतर सांगतो' म्हणणाऱ्याची वाट बघितली की बाकी सात जण वेटिंगवर जातात.