मिटुटोयोचा १५० मिमी डिजिटल व्हर्नियर: पार्ट्सच्या काउंटरवर कितपत कामाचा?

पार्ट्सच्या दुकानात नवा लागलेला माणूस आधी खोकी उतरवतो, रॅक लावतो, सांगितलेला नग काढून देतो. तिथून पुढे सरकायचं तर एक गोष्ट यायलाच हवी: नंबर पुसला गेलेला झिजका नमुना पाहून त्याच्या जागी काय बसेल ते सांगणं. कॅटलॉगला गाडीचं मॉडेल, वर्ष, कधी चेसिस नंबर लागतो. मेकॅनिकच्या हातात मात्र बऱ्याचदा नुसता पार्ट असतो. अशा वेळी मापच कामाला येतं. मिटुटोयो कंपनीचा ५००-१९६-३० हा डिजिटल व्हर्नियर (सरकत्या जबड्यांचं माप घेण्याचं अवजार) त्यासाठी घ्यावा का? कार आणि दुचाकीचे पार्ट विकणाऱ्याने जरूर घ्यावा. अवजड गाड्यांचा माल असेल तर २०० किंवा ३०० मिमीचा बघावा, कारण तिथले मोठे पार्ट १५० मिमीत मावत नाहीत.

पडद्यावर ०.०१ मिमीपर्यंत आकडा दिसतो, पण अचूकता ±०.०२ मिमी आहे. या दोन गोष्टींची गल्लत करू नये. याची पट्टी ॲब्सोल्यूट प्रकारची आहे, म्हणजे एकदा शून्य लावलं की बंद-चालू केल्यावर किंवा सरक जोरात ओढल्यावर ते हलत नाही. गर्दीच्या काउंटरवर, जिथे व्हर्नियर चार हातांत फिरतो, तिथे हा गुण सगळ्यात मोलाचा. बरेच स्वस्त व्हर्नियर बंद असतानाही सेल खात राहतात, तो त्रासही इथे नाही. सेल मात्र एसआर४४ हा बटण सेलच घालावा. एलआर४४ त्याच आकाराचा असतो आणि बसतोही, पण त्याचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो.

बेअरिंगवर हा व्हर्नियर पहिल्याच दिवशी उपयोगी पडतो. ६२०१ आणि ६३०१ या दोन्ही बेअरिंग नंबरांचा आयडी (आतला व्यास) १२ मिमी. ओडी (बाहेरचा व्यास) मात्र ३२ आणि ३७, रुंदी १० आणि १२. नुसता शाफ्ट मोजून नग दिला तर तो हाउसिंगमध्ये (बेअरिंग बसतं त्या खाचेत) बसणारच नाही. म्हणून आयडी, ओडी, रुंदी ही तिन्ही मापं घ्यायची आणि मगच रॅककडे वळायचं. नंबरचे शेवटचे दोन आकडे आयडी सांगतात: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७ आणि ०४ पासून पुढे पाचने गुणायचं. पण नंबरामागचा सी३, म्हणजे आतली फट नेहमीपेक्षा जास्त असल्याची खूण, कुठलाच व्हर्नियर दाखवत नाही. ती फट मायक्रॉनमधली (मिमीच्या हजाराव्या भागातली) असते. त्यासाठी जुन्या बेअरिंगवरचा शिक्का कापडाने स्वच्छ करून, उजेडात धरून वाचावा लागतो.

ऑइल सीलमध्ये (शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रिंगमध्ये) चुका जास्त होतात, आणि कारण जवळपास नेहमी तेच. सीलची ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी आतली कड, ताणून बसावी म्हणून मुळातच लहान केलेली असते, आणि जुन्या सीलची झिजलेलीही असते. तिचं माप घेऊन सील दिला की तो परत येतो. शाफ्ट मोजा, हाउसिंगचा बोअर (भोक) मोजा, मग जाडी. सीलवरचा आकडाही याच क्रमाने असतो, उदाहरणार्थ २५×४०×७. रबरी अंगाच्या नव्या सीलचा ओडी ४० ऐवजी ४०.२ च्या आसपास भरला तर नग चुकीचा समजू नये. दाबून बसण्यासाठी तो मुद्दाम मोठा ठेवलेला असतो.

बोल्टच्या आट्यांचं माप घेताना एका आट्यावर जबडा टेकवून भागत नाही. अकरा शिखरं मोजा, पहिल्यापासून अकराव्यापर्यंतचं अंतर घ्या आणि दहाने भागा. १२.५ आलं तर पिच (लगतच्या दोन शिखरांमधलं अंतर) १.२५, १५ आलं तर १.५. दहाच शिखरं धरली तर मध्ये नऊ अंतरं पडतात आणि हिशोब बिघडतो. एम१० (१० मिमीच्या मेट्रिक बोल्ट) चा बाहेरचा व्यास पूर्ण १० कधी येत नाही, ९.८-९.९ येतो. ९.४-९.५ आला तर तो ३/८ इंचाचा असू शकतो. त्याच्या जाड आट्यात दहा पिच १५.९ च्या आसपास भरतात. एम१० चा नट त्यावर जबरदस्तीने फिरवला की आटे गेलेच.

माप घेताना जबड्याच्या टोकापेक्षा पट्टीजवळचा भाग वापरावा, टोकाशी चूक वाढते. आयडी घेताना किंचित डोलवून सर्वांत मोठा आकडा धरायचा. रबरी होज आणि ओ-रिंग दाबायची नाही. ४० च्या जागी १.५७ दिसलं तर इंचाचं बटण दाबलं गेलंय, घाबरायचं कारण नाही. पडद्यावर आयएनसी दिसत असेल तर कुणीतरी शून्य दुसरीकडेच धरलंय; ते पूर्ववत केल्याशिवाय पुढचं माप घेऊ नये.

ब्रेक डिस्कवर सांभाळून. वापरलेल्या डिस्कच्या कडेला न झिजलेली कड उभी राहते, सपाट जबडे तिच्यावर टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दिसते. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचे छोटे वॉशर धरून मोजावं आणि त्यांची जाडी वजा करावी, मग डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीशी ताडावं. पेडल थरथरतं म्हणून डिस्कच्या जाडीतला फरक शोधायचा असेल तर मायक्रोमीटरच लागतो.

उणीव एकच, पण या धंद्यात मोठी: हे मॉडेल तेल-पाणी रोखणारं नाही. ग्रीसचे हात लागणारच, म्हणून प्रत्येक वापरानंतर कोरड्या कापडाने पुसावं; पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर कधीही मारू नये. हात सतत तेलात असतील तर धूळ-पाणी रोखणारं आयपी६७ चं मॉडेल घ्यावं.

या व्हर्नियरच्या नकला बाजारात सर्रास आहेत, अगदी खोक्यासकट. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि घेतल्यावर चांगल्या कंपनीच्या नव्या, सीलबंद ६२०३ बेअरिंगवर तपासा. ओडी ४०.०० आणि आयडी १७.०० यांच्या ०.०३ मिमीच्या आत आलाच पाहिजे, कारण बेअरिंगची ही दोन मापं मायक्रॉनमध्ये सांभाळलेली असतात. रुंदीवर मात्र व्हर्नियर पारखू नका. १२ मिमीच्या रुंदीत ०.१२ मिमीपर्यंत कमी भरलेलं बेअरिंगही चोख असतं.