आंतरराष्ट्रीय व्यवसाय शिकायचाय: पदविका, एमबीए की ब्रिटनची एमएससी?

'इंटरनॅशनल बिझनेस एन्व्हायर्न्मेंट' हा विषय दूरशिक्षण देणाऱ्या इग्नूच्या पदव्युत्तर पदविकेत आहे, दिल्लीच्या आयआयएफटीच्या (भारतीय परकीय व्यापार संस्था) आणि पुण्याच्या एसआयआयबीच्या (सिम्बायोसिसची संस्था) एमबीएत आहे, आणि ब्रिटनच्या एका वर्षाच्या एमएससीतही आहे. अनुक्रमणिकाही मिळतीजुळती असते: बहुराष्ट्रीय कंपन्या, परकीय गुंतवणूक, जागतिक व्यापार संघटना, विनिमय दर. मग माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवून शेवटी निर्णय होतो तो फी बघून. प्रत्यक्षात हे तीन वेगवेगळे धंदे आहेत. फरक कळायला नाशिकच्या द्राक्षांचा एक कंटेनर पुरे.

२०१० साली युरोपने भारतीय द्राक्षं अडवली. वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला वापरतात ते क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या तोंडचं 'लिहोसिन', मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्या यादीत ते नव्हतंच. इथून निघताना अहवाल स्वच्छ, तिथे पोचल्यावर माल नापास.

पदविकेत विचारतात: कागद कोणते लागतात? आयईसी (आयात-निर्यातदाराचा परवाना क्रमांक), रेसिड्यू अहवाल (मालातल्या रसायनांच्या अंशाचा), फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीडरोगमुक्त असल्याचं), शिपिंग बिल (कस्टम्ससाठी), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची पावती), मूळ देशाचा दाखला. एफओबी ('फ्री ऑन बोर्ड') सौद्यात माल जहाजावर चढला की वाटेतली जोखीम खरेदीदाराची. पण दोष मालात आधीपासूनच असेल तर एफओबीची ढाल चालत नाही. त्यात द्राक्षं बऱ्याचदा कन्साइनमेंटवर जातात, म्हणजे भाव तिथे विकल्यावर ठरतो आणि फटका इथे बसतो. घरचा निर्यातीचा व्यवसाय असेल किंवा मालवाहतूक जुळवून देणाऱ्या फ्रेट फॉरवर्डरकडे नोकरी असेल, तर यातलं पान न् पान दुसऱ्या दिवशी कामाला येतं.

एमबीएत प्रश्न पुढच्या हंगामाचा असतो. युरोपलाच चिकटून राहायचं की निम्मा माल आखाताकडे वळवायचा? युरोचा दर आजच बांधून घ्यायचा की वाट बघायची? २०२३ अखेर लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि आफ्रिकेला वळसा घालण्यात एक-दोन आठवडे जादा जाऊ लागले, तेव्हा नाशवंत माल पाठवणाऱ्याने नेमकं काय करायचं? माहिती अर्धवट, वेळ कमी, गटातल्या पाच जणांची पाच मतं, आणि तरी उत्तर एकच द्यायचं. हीच तालीम असते.

एमएससीला कंटेनरशी फारसं देणंघेणं नाही. तिथे विचारतात: रसायनाची ही मर्यादा ठरवतं कोण? सरकार, की ग्लोबलगॅपसारखी खासगी मानकं मागणारी सुपरमार्केटं? गॅरी जेरेफी, जॉन हम्फ्री आणि टिमोथी स्टर्जन यांनी २००५ मध्ये मूल्यसाखळीवरच्या (बागेपासून दुकानापर्यंतच्या साखळीवरच्या) नियंत्रणाचे पाच प्रकार मांडले. त्यातल्या कुठल्यात आपला बागायतदार बसतो, आणि ती मांडणी इथे कुठे तोकडी पडते, यावर तीन हजार शब्द लिहा. आपल्याकडची मुलं नेमकी इथेच अडकतात. २०१० मध्ये काय झालं हे उत्तम लिहितात, पण स्वतःचा मुद्दा मांडत नाहीत, आणि नुसत्या वर्णनाला पन्नाशीतच गुण मिळतात. पास पन्नासला, डिस्टिंक्शन सत्तरला. पासष्ट म्हणजे चांगलं काम, हे घरी समजावून सांगावं लागतं.

आता तासांचा हिशोब, जो प्रवेश घेताना कोणी करत नाही. इग्नूचं एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे ३० तास. सहा क्रेडिटांचे सहा पेपर धरले तर १०८० तास. नोकरी सांभाळून आठवड्याला दहा तास निघत असतील तर दोन वर्षं सहज जातात. गाडी अडते ती बहुधा परीक्षेत नाही, असाइनमेंटमध्ये. त्या राहिल्या की लेखी पेपर सुटूनही निकाल लटकतो. मराठी माध्यम नाही, हेही आधीच लक्षात घ्या.

ब्रिटनमध्ये १८० क्रेडिट, प्रत्येकी दहा तास, म्हणजे बारा महिन्यांत १८०० तास: आठवड्याला जवळपास ३५. त्यावर परवानगी आहे म्हणून आठवड्याला २० तासांची नोकरी धरली की ५५ झाले. 'तिथे कमवून फी भरू' हा बेत इथेच कोसळतो. उन्हाळ्यात ६० क्रेडिटांचा प्रबंध असतो, आणि नोकरी शोधायचीही तीच वेळ. शिकवून होणाऱ्या मास्टर्सला जोडीदाराला नेता येत नाही (जानेवारी २०२४ पासून). शिक्षणानंतर थांबायचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिनेच मिळणार. राहण्याखाण्याचे पैसे दाखवायचे असतील तर ते सलग २८ दिवस खात्यात हवेत. मधे एक दिवस शिल्लक खाली गेली तरी व्हिसा नाकारला जाऊ शकतो. पदवीच्या मान्यतेची भीती मात्र आता धरू नका: २०२२ च्या भारत-ब्रिटन करारात एका वर्षाचं मास्टर्सही आहे.

एमबीएचा खड्डा वेगळा. प्रवेश परीक्षा आयआयएफटीला कॅट, एसआयआयबीला स्नॅप, फी दोन आकडी लाखांत. पण पहिलं वर्ष बरंचसं कुठल्याही एमबीएसारखंच, आणि नावात 'इंटरनॅशनल' असलं तरी बऱ्याच नोकऱ्या भारतातल्याच विक्री आणि सल्लागारीच्या. प्लेसमेंट अहवालात सरासरी पगार बघू नका, मध्यक बघा, म्हणजे पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा. आणि व्यापार, लॉजिस्टिक्स, कमोडिटी यांत किती जण गेले ते मोजा.

आमचं मत सरळ आहे. हातात आयात-निर्यातीचं काम आहे त्याने पदविका करावी, वीस लाखांचं कर्ज काढू नये. क्षेत्र बदलायचंय त्याने एमबीए, पण कॅम्पसवर कंपन्या येत असतील तरच. एमएससी संशोधन, धोरण किंवा प्राध्यापकीकडे ओढा असणाऱ्याची. प्राध्यापकीसाठी नेट-सेट द्यावी लागेल ती वेगळीच. अजूनही ठरत नसेल तर तिन्हीकडून मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका किंवा असाइनमेंट मिळवा आणि एका रविवारी प्रत्येकीतला एक प्रश्न घड्याळ लावून सोडवून बघा.