पवित्र भूमीची यात्रा आणि तिकिटावरची तारीख

हे लिहू की नको करत बराच काळ गेला. कारण फसवणारा कुठला अनोळखी एजंट नाही, आपल्यातलाच, चर्चमध्ये उपासनेला पुढच्या बाकावर बसणारा, आई आजारी होती तेव्हा घरी येऊन डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून गेलेला माणूस. त्याचं नाव लिहीत नाही. सगळे ब्रदर म्हणायचे, मी पण तेच म्हणते.

२०१९ चा फेब्रुवारी. ब्रदरनी काढलेली यात्रा, १० दिवस, जॉर्डन, इस्रायल, इजिप्त, आम्ही ३४ जण, आणि पत्रकाच्या तळाशी ठळक अक्षरात 'सर्व खर्च समाविष्ट'. माणशी २,९०० डॉलर. आई तेव्हा ७१ ची होती, तिच्या मनात दोनच गोष्टी, बेथलेहेमला येशूच्या जन्माच्या गुहेत जमिनीवर जो चांदीचा तारा बसवलाय त्याला हात लावायचा, आणि इजिप्तमध्ये सीनायच्या पायथ्याशी सेंट कॅथरीन मठात मोशेचं जळतं झुडूप म्हणून दाखवतात ते बघायचं. पैसे गेले ब्रदरच्या स्वतःच्या खात्यावर. पावती मागितली तर हसून म्हणाले, सिस्टर, प्रभूच्या कामात पावती? आणि लाज मला वाटली. त्यांना नाही, मला!

वर माणशी ५०० डॉलर अनामत, परत मिळणारी. कारण काय तर यात्रेच्या नावाने इस्रायलमध्ये शिरून कामासाठी ग्रुपमधून पळून जाणारे लोक असतात आणि मग नेणारा अडचणीत येतो. आता हे काही खोटं नाही, असं होतं, बातम्याही येतात, त्यामुळे आम्हाला पटलं. मग जानेवारीत इजिप्तच्या व्हिसाचे म्हणून ६० डॉलर. ही जानेवारी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पासपोर्ट आणि तिकिटं सगळी ब्रदरकडे. म्हाताऱ्या माणसांकडून हरवतात, मी सांभाळतो म्हणाले. ३४ जणांपैकी एकानेही स्वतःचं तिकीट बघितलं नव्हतं. मी पण नाही. ऑफिसमध्ये दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते मी, तरी.

अम्मानला उतरलो, मादबाचा तो सहाव्या शतकातला पवित्र भूमीचा मोझेकचा नकाशा बघितला, नबो डोंगरावर गेलो. तिथून खाली मृत समुद्र आणि पलीकडे यरीहोचा सगळा भाग दिसतो, देवाने मोशेला वचनदत्त देश इथूनच दाखवला आणि आत काही जाऊ दिलं नाही. तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं. नंतर कळलं की आमचीही यात्रा बरीचशी तशीच होणार आहे, लांबूनच. जायचा विचार असेल तर पत्रकात प्रत्येक जागेपुढे काय लिहिलंय ते नीट वाचा. 'भेट' म्हणजे आत नेणार, 'दर्शन' किंवा 'पाहणी' लिहिलं असेल तर बहुतेकदा बाहेरूनच. आमचं गालील समुद्राकाठचं कफर्णहूम असंच गेलं, येशूचा शिष्य पेत्र याचं घर म्हणतात त्या अवशेषांवर आता काचेच्या तळाचं चर्च आहे, आत गेलं की खाली बघता येतं, आम्ही बाहेर पार्किंगमध्ये दहा मिनिटं थांबलो आणि निघालो.

अ‍ॅलनबी पुलावर जॉर्डनची बॉर्डर क्रॉस करायच्या आधी बसमध्ये पाकीट फिरलं. गाइड, ड्रायव्हर, हॉटेलची पोरं यांची टीप, दिवसाला माणशी १० डॉलर, १० दिवसांचे आत्ताच द्या. आणि जॉर्डनमधून बाहेर पडायचा टॅक्स वेगळा. म्हटलं सर्व समाविष्ट होतं ना? तर म्हणे टीप कधीच समाविष्ट नसते सिस्टर. हे खरं तर बरोबर आहे, बहुतेक ठिकाणी टीप आणि बॉर्डरचे टॅक्स वेगळेच असतात, पण मग ते आधी सांगायचं, बॉर्डरवर ३४ माणसं रांगेत उभी करून नाही. ३४ गुणिले १०० म्हणजे ३,४०० डॉलर त्या एका पाकिटात गेले.

यरुशलेमचं हॉटेल म्हणून जे सांगितलं होतं ते बेथलेहेमात निघालं. म्हणजे इस्रायलने बांधलेल्या भिंतीच्या पलीकडे, पॅलेस्टिनी भागात, रोज सकाळी चेकपॉइंट, रोज रांग, अंतर जेमतेम आठ-नऊ किलोमीटर पण एक दिवस आम्हाला दीड तास लागला. बेथलेहेमात राहणं वाईट अजिबात नाही, स्वस्त पडतं म्हणून कितीतरी ग्रुप तिथे उतरतात आणि तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांना त्याचा आधारही होतो. पण आमच्याकडून पैसे यरुशलेमचे घेतले होते. कुठल्या रात्री कुठल्या हॉटेलात, हे हॉटेलच्या नावासकट लिहून मागा. 'चार तारांकित किंवा त्यासारखं' असं लिहून देतात, त्या 'त्यासारखं' मध्ये काहीही बसतं.

आणि बेथलेहेममध्ये राहून आईला तारा दिसला नाही!! यावर विश्वास बसतो का? तीन रात्री त्या गावात. पहिल्या दिवशी सकाळी आधी जैतुनाच्या लाकडाच्या दुकानात नेलं, चहा दिला, दोन तास. मग चर्चमध्ये, तो चार फुटांचा बुटका दरवाजा वाकून पार केला, आत गुहेची रांग लांब होती तर ब्रदर म्हणाले आज गुहा बंद होतेय, उद्या आणतो. उद्या परत दुसरं दुकान. परवा निघायचा दिवस. कारागिरांवर माझा राग नाही, ती लोकं पिढ्यानपिढ्या ते कोरीवकाम करतात आणि हात चांगला आहे त्यांचा. पण दुकानातून आणणाऱ्याला कमिशन असतं, आणि आमचा वेळ त्या कमिशनला विकला होता. आईने १२० डॉलरचा गोठ्याचा सेट घेतला, अजून घरी आहे, नाताळात मांडते.

यरुशलेमच्या पवित्र कबरेच्या चर्चसाठी तर माणशी १० डॉलर 'प्रवेश फी' घेतली. तिथे फी नाहीये! दार उघडं असेल तेव्हा कुणीही आत जाऊ शकतं, दरवाजाची किल्ली शेकडो वर्षं एका मुस्लिम घराण्याकडे असते आणि दुसऱ्या घराण्यातला माणूस दार उघडतो, पण दारात तिकीट कोणी फाडत नाही. बेथलेहेमचं जन्माचं चर्च फुकट, येशूने अटकेआधी प्रार्थना केली ती गेथशेमाने बाग फुकट, बागेतली कबर म्हणजे गार्डन टूम तीही फुकट, तिथे इच्छा असेल तर पेटीत टाका. हे मी हॉटेलच्या वायफायवर रात्री वाचलं आणि आईला सांगितलं नाही, म्हटलं तिचा आनंद कशाला घालवू. ही माझी चूकच झाली. त्याच रात्री ग्रुपमधल्या चौघींशी बोलले असते तर पुढचं कदाचित वाचलं असतं.

मग गालील. यार्देनमध्ये बाप्तिस्म्याच्या वचनाची आठवण, पांढरे झगे, गाणी. जागा होती यार्देनित, गालील समुद्रातून नदी जिथे बाहेर पडते तिथे, १९८१ मध्ये यात्रेकरूंसाठी तयार केलेली, नीटनेटकी जागा आहे, रेलिंग, कपडे बदलायच्या खोल्या. ब्रदरनी पाण्यात उभं राहून सांगितलं की प्रभूचा बाप्तिस्मा इथेच झाला, याच पाण्यात. पण परंपरेने मानतात ती जागा खाली दक्षिणेला, यरीहोजवळ, पश्चिम काठाला कस्र अल यहूद आणि समोर जॉर्डनच्या बाजूला अल मगतस, जी २०१५ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. जॉर्डनमध्ये दोन दिवस होतो आम्ही, मगतसला नेलंच नाही. आणि झग्याचे २५ डॉलर त्यांनी गोळा केले, काउंटरवरच्या बोर्डावर भाड्याचा दर निम्म्याहून कमी होता. थंडी मरणाची, आई कुडकुडत होती आणि रडत होती, आनंदाने.

खरा प्रकार झाला तो सहाव्या दिवशी रात्री, गालील समुद्राकाठच्या तिबिर्या गावात. जेवण झाल्यावर ब्रदर उभे राहिले, चेहरा पडलेला, म्हणाले इजिप्तचं कठीण झालंय, इजिप्तला जायच्या ताबा बॉर्डरवरून सूचना आलीय, सीनायचा रस्ता सुरक्षित नाही, आपल्या जिवाची जबाबदारी माझ्यावर आहे. प्रार्थना केली. मग म्हणाले रात्रभर फोन करून कसंबसं परतीचं तिकीट तेल अवीवहून मिळवलंय, आठव्या दिवशीचं, पण फरक पडलाय, माणशी १५० डॉलर. लोकांनी दिले हो! एका काकांनी तर उलट आभार मानले.

आणि मग मला म्हणाले सिस्टर तुम्हाला कॉम्प्युटरचं कळतं, ही तिकिटं तेवढी रिसेप्शनवरून प्रिंट काढून आणा, आणि फाइल माझ्या फोनवर पाठवली. प्रिंटरमधून पहिलं पान आलं ते आईचंच होतं. जाताना अम्मान, येताना तेल अवीव. दोन्ही एकाच तिकिटावर. आणि वरच्या कोपऱ्यात तिकीट काढल्याची तारीख, ११ डिसेंबर २०१८.

मी तिथे खुर्चीत बसले. डिसेंबरमध्येच तेल अवीवचं, आठव्या दिवशीचं परतीचं तिकीट काढलेलं. म्हणजे इजिप्त कधी नव्हतंच. जानेवारीत व्हिसाचे ६० घेतले तेव्हा त्या माणसाला माहीत होतं की आपण तिकडे जाणार नाही, पत्रकावर जळत्या झुडपाचं चित्र छापून आईला हातात दिलं तेव्हाही माहीत होतं. आणि आता त्याच तिकिटाचा 'फरक' म्हणून १५० गुणिले ३४.

म्हणून पैसे देताना एकच गोष्ट मागायची असेल तर ती ही, स्वतःच्या नावाचं ई-तिकीट, त्यावरचा सहा अक्षरांचा बुकिंग कोड, आणि तो एअरलाइनच्या साइटवर स्वतः टाकून बघा. पाच मिनिटं लागतात. द्यायला कोणी खळखळ केली तर बाकीचं काही तपासायची गरजच नाही.

सातव्या दिवशी यरीहो. तिथे येशूला बघायला झाडावर चढलेल्या जकातदार जक्कयचं म्हणून एक जुनं उंबराचं झाड दाखवतात. ब्रदरनी झाडाखाली सगळ्यांना उभं केलं, जक्कयची गोष्ट सुरू केली, आणि मधेच सैतानाने येशूला मोह घातला म्हणतात त्या डोंगराच्या केबल कारचे पैसे गोळा करायला सुरुवात. मी प्रिंट काढून हातात धरली आणि विचारलं ही ११ डिसेंबर काय आहे. एकदम शांतता. ते म्हणाले सिस्टर थकल्यात, ही एजंटची आतली तारीख असते. आमच्यातल्या एक मावशी, सगळ्यात म्हाताऱ्या, गुडघे गेलेल्या, त्या दगडावर बसल्या बसल्या म्हणाल्या, ब्रदर, जक्कयनं चौपट परत केलं होतं, तुम्ही एकपट तरी द्या. हसायची वेळ नव्हती पण मला हसू आलं.

बसचा ड्रायव्हर हे बघत होता. नंतर मला बाजूला घेऊन मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं की तुमचा ग्रुप टीप देत नाही का, इतक्या दिवसांत त्याला ४० डॉलर मिळाले होते. आणि हात करून म्हणाला बाप्तिस्म्याची जागा इथून अगदी जवळ आहे, गेला नाहीत? ब्रदर म्हणाले वेळ नाही.

घरी आल्यावर अनामतीसाठी तीन महिने फोन. उचलत नाहीत, मग 'प्रभू मार्ग काढेल', मग एजंटने अडकवलेत. एजंटचा नंबर मागितला तर तो द्यायचा नाही. मग मला हेही कळलं की अमुक माणसांमागे नेणाऱ्याची एक जागा फुकट असते, ही या धंद्यातली सर्रास पद्धत आहे आणि त्यात गैर काही नाही, पण आमच्या ब्रदरनी आमच्यासमोर साक्ष दिली होती की मी स्वतःचे पैसे भरून तुमची सेवा करतोय.

सगळ्यात वाईट वाटलं ते लोकांचं. पोलिसात जाऊया म्हटलं तर ३४ पैकी ९ जण तयार. बाकीचे म्हणाले मंडळीची, म्हणजे आपल्या चर्चची बदनामी होईल. पाळकसाहेबांनी बैठक बोलावली, ब्रदर पवित्र शास्त्र घेऊनच आले, त्यातलं पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र काढलं, सहावा अध्याय, भावाने भावावर फिर्याद करावी आणि तीही विश्वास न ठेवणाऱ्यांपुढे, असं पौल रागावून विचारतो तो भाग वाचला, अगदी संथ आवाजात. सातव्या वचनापर्यंत वाचलं, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, तिथपर्यंत, आणि पुस्तक मिटलं. दोन-तीन जणांनी आमेन पण म्हटलं.

आई तोवर काही बोलली नव्हती. पूर्ण यात्रेत नाही, परत आल्यावर नाही. तिने चष्मा लावला, स्वतःचं पुस्तक उघडलं आणि म्हणाली, ब्रदर, आठवं राहिलं. आणि वाचलं. त्यात पौल म्हणतो की उलट तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच नाडता, आणि तेही आपल्या भावांनाच.

पुढच्या आठवड्यात ३०० डॉलर आले. उरलेले २०० अनामतीचे, १५० फरकाचे आणि ६० व्हिसाचे अजून यायचेत. लेखी तक्रार आम्ही ९ जणांनी दिली आहे, तिकिटाची ती प्रिंट सोबत जोडून.