क्रोन्सचं ऑपरेशन आणि पित्ताचा हिशेब

क्रोन्ससाठी, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजारासाठी, ऑपरेशन ठरलंय, पण कुठलं, यावर घरात बोलणं चालू असेल तर सर्जनना आधी एवढं विचारा: लहान आतड्याचा शेवटचा भाग, म्हणजे इलियम, किती सेंटिमीटर जाणार? पित्तातली सुमारे 95 टक्के पित्ताम्लं आतड्यातून यकृताकडे परततात, ती मुख्यतः तिथूनच. इथे पित्त म्हणजे आपण 'पित्त उठलंय' म्हणतो ते नव्हे. यकृतात तयार होणारा पाचक रस. पित्ताम्लं ही त्यातली चरबी पचवायला मदत करणारी द्रव्यं.

ढोबळमानाने 100 सेंटिमीटरपेक्षा कमी भाग काढला, तर न शोषलेली पित्ताम्लं मोठ्या आतड्यात उतरतात आणि पाण्यासारखे जुलाब होतात. यकृत जास्त पित्ताम्लं बनवून तूट भरतं. पित्ताम्लं बांधून ठेवणाऱ्या कोलेस्टिरामिनच्या पावडरीने हे जुलाब बहुतेकदा आटोक्यात येतात. बाकीच्या गोळ्या मात्र तिच्या तासभर आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यायच्या. 100 च्या पुढे यकृत पुरं पडत नाही. चरबी पचत नाही, शौचाला तेलकट होतं, ऑक्झलेटचे मुतखडे होऊ शकतात. अशा वेळी तीच पावडर घात करते, कारण उरलीसुरली पित्ताम्लंही ती बांधून बाहेर नेते.

इलियम काढल्यावर पित्ताशयातल्या खड्यांची शक्यताही वाढते. पूर्वी त्याचा दोष कोलेस्टेरॉलला द्यायचे. पण मोठ्या आतड्यात उतरलेली पित्ताम्लं तिथलं बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं रंगद्रव्य) विरघळवतात, ते शोषलं जाऊन पुन्हा पित्तात येतं, आणि त्यातून रंगद्रव्याचे खडे बनू शकतात.

दुसरा पर्याय स्ट्रिक्चरप्लास्टीचा. तीत काहीच कापून काढत नाहीत. आजाराने अरुंद झालेल्या जागेवर उभा छेद घेऊन तो आडवा शिवतात. भारतीय सर्जनांनी 1977 मध्ये आतड्याच्या टीबीसाठी ही पद्धत मांडली, मग ऑक्सफर्डचे सर्जन ली यांनी 1982 मध्ये ती क्रोन्ससाठी. जागा थोडक्या लांबीच्या आणि अनेक असतील, तर मी आधी हिच्याबद्दलच विचारेन. पण पू झाला असेल किंवा आतडं फुटलं असेल तिथे ती चालत नाही. आणि इलियम आधीच खराब असेल, तर ते वाचवूनही शोषण पूर्ववत होईलच असं नाही.

फक्त मोठं आतडं काढलं तर इलियम शाबूत राहतं. पित्तातलं डीऑक्सिकोलिक आम्ल (एक पित्ताम्ल) मात्र घटतं, कारण ते बनवणारे जिवाणू मोठ्या आतड्यातच असतात.

इलियम आधीही काढलं असेल, तर ते सेंटिमीटर नव्या आकड्यात मिळवा. बी-12 तिथेच शोषलं जातं, तेही तपासून घ्या. जुन्या ऑपरेशनचा कागद शोधून सोबत न्या.