८×४२ दुर्बीण, सहा महिने वापरल्यावर

दर महिन्याच्या यादीत नवे पक्षी चढवायचा नाद लागला आणि जुनी १०×५० गळ्यात जड व्हायला लागली, म्हणून ही घेतली. (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.) दहापटीत हात जरा थरथरला की पक्षी नाचतो. आठपटीत जागेवर राहतो. डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर, त्यामुळे उजाडतानाही झुडपातला वटवट्या दिसतो. परवा त्याची फिकट भुवई (डोळ्यावरची पट्टी) डोळ्यामागे कुठे संपते तेसुद्धा कळलं आणि नोंद पक्की झाली. (गेल्या महिन्यात असाच एक ‘बहुतेक तोच’ म्हणून सोडावा लागला. अजून खुपतोय.) चष्मा असेल तर डोळ्यांकडचे कप आत फिरवून ठेवा. झाकणं मात्र अगदीच ढिली. एक तर दोन आठवड्यांतच चिखलात गेलं.