वेल्डर की टर्नर: आयटीआयचा फॉर्म भरण्याआधी

वेल्डर धातू वितळवून जोडतो, टर्नर लेथवर धातू कापून मापात आणतो. दोन्ही ट्रेडना काम आहे, त्याबद्दल वाद नाही. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, कुठेही विचारा. वेल्डर १ वर्षात बाहेर पडतो, टर्नर किंवा मशिनिस्टला २ वर्षं लागतात. पुढची अप्रेंटिसशिप मात्र दोघांनीही टाळू नये.

टर्नरची बाजू भक्कम आहे. काम सावलीतलं, धूर नाही, आणि हाताला मापाची शिस्त लागते. २५ एच-७ चा बोअर, म्हणजे भोक (एच-७ ही मापातली सूट), २५.००० ते २५.०२१ मिमी. इन्सर्टची (टूलच्या कापणाऱ्या तुकड्याची) धार झिजली की बोअर लहान यायला लागतो, मग सीएनसी मशीनच्या वेअर ऑफसेटमध्ये (झिजेची भरपाई भरायचा रकाना) एक्सला, म्हणजे व्यासाला, प्लस ०.०१ देऊन माप मध्यावर आणायचं. हे ज्याला जमलं तो सेटर. घोडं अडतं ते इथेच. प्रॉडक्शन शॉपमध्ये नव्या ऑपरेटरच्या वाट्याला बहुतेकदा जॉब चकमध्ये लावणं, सायकल स्टार्ट दाबणं आणि काढलेला जॉब एअरने साफ करणं एवढंच येतं. प्रोग्रॅम बदलू देणारी एडिटची चावी सेटरच्या खिशात, ऑफसेटला हात लावायचा नाही. चुकीचा आकडा पडला तर टूल सरळ चकवर आदळतो, त्यामुळे मालकाची भीती खोटी नाही. पण दोन वर्षं असं काढलेल्या मुलाला दुसऱ्या कंपनीत "टूल ऑफसेट कसा घेतोस?" विचारलं की तो गप्प. माझं मत वेल्डरकडे फिरलं ते या एका गोष्टीमुळे.

वेल्डरचा हात असा कुणी अडवून धरू शकत नाही. ६०१३ च्या साध्या वेल्डिंग रॉडने आडवी प्लेट जोडणारे ढीगभर आहेत. भाव मिळतो पोझिशनला, म्हणजे जोड कुठल्या स्थितीत मारता येतो त्याला. ३जी म्हणजे उभ्या प्लेटचा उभा जोड, ६जी म्हणजे ४५ अंशांत पक्का बसवलेला पाइप. रूट, म्हणजे तळाचा पहिला थर, टिगने (आर्गॉन गॅसखालचं वेल्डिंग), २.४ मिमीची फिलर तार, दोन तुकड्यांत गॅप साधारण ३ मिमी. वर ७०१८ च्या रॉडने फिल (मधले थर) आणि कॅप (सगळ्यात वरचा थर). गॅप कमी पडला तर रूट आतपर्यंत उतरत नाही. ७०१८ ओव्हनमध्ये न ठेवता उघड्या पाकिटातली वापरली तर ओलाव्याने पोरॉसिटी, म्हणजे जोडात बारीक छिद्रं. करंट जास्त झाला की कॅपच्या कडेला अंडरकट, म्हणजे खाच. एक्स-रेच्या फिल्मवर सगळं उघडं पडतं, तिथे ओळखपाळख चालत नाही.

कटकटी आहेतच. कंपनी बदलली की बहुधा पुन्हा टेस्ट, आणि एएसएमई सेक्शन ९ (वेल्डरच्या पात्रतेचा अमेरिकन कोड) प्रमाणे ती प्रोसेस ६ महिने केली नाही तर पात्रता जाते. मे महिन्यात अंगावर लेदर जॅकेट, शिवाय शटडाउनच्या (प्लांट बंद ठेवून होणाऱ्या दुरुस्तीच्या) कामांना गाव सोडावं लागतं. घर सोडायचं नसेल, किंवा आकड्यांत मन रमत असेल, तर टर्नरच घ्यावा. फक्त नोकरी शक्यतो टूलरूममध्ये, म्हणजे साचे-डाय बनतात तिथे, शोधावी. तिथे जॉब रोज बदलतो, म्हणून सेटिंग शिकवण्यावाचून त्यांनाही गत्यंतर नसतं.

वेल्डर ठरलंच, तर प्रवेशाआधी वर्कशॉपमध्ये एक चक्कर मारा. भंगारच्या ढिगात बेंड टेस्ट केलेल्या (जोड वाकवून तपासलेल्या) पट्ट्या आणि पाइपचे तुकडे दिसतात का बघा. टिगचा सेट कपाटात आहे की टेबलावर, आर्गॉनच्या सिलिंडरचा काटा किती दाखवतो, तेही बघून घ्या. मुलांना खरा सराव मिळतो का, ते यावरून कळतं.